हुकूम हवेतून, आवाज वायरीतून: हॉलमधला टीव्ही, स्ट्रीमिंग स्टिक आणि स्मार्ट स्पीकर

टीव्हीला लावलेली, इंटरनेटवरचे कार्यक्रम पडद्यावर आणणारी स्ट्रीमिंग स्टिक आणि टिपॉयवरचा, तोंडी हुकूम ऐकणारा स्मार्ट स्पीकर या दोन वस्तू आता गोव्यातल्या पुष्कळ घरांत आहेत. एकमेकांशी जोडलेल्या मात्र थोड्याच ठिकाणी दिसतात. स्पीकर सकाळी भजनं लावायला आणि गजरापुरता, टीव्ही त्याच्या जागी वेगळा. जोडायचं मनावर घेतलं की पहिली धडपड असते ती टीव्हीचा आवाज त्या छोट्या स्पीकरमधून काढायची. ब्लूटूथ लावलं जातं, ओठ आधी हलतात, शब्द मागाहून येतात, आणि दोन दिवसांत सगळं पूर्ववत होतं.

घोटाळा इथे आहे की या जोडणीत दोन निराळी कामं असतात. आपण बोललेला हुकूम टीव्हीपर्यंत नेणं हे एक. टीव्हीचा आवाज आपल्या कानापर्यंत आणणं हे दुसरं. पहिलं काम वाय-फायवरून छान होतं. दुसरं वायरीनेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला एक अपवाद आहे, त्याकडे पुढे येतोच.

आधी भिंती बघा

गोव्यात सुरुवात स्पीकरपासून न करता भिंतीपासून करावी लागते. जुन्या घरांतली चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत दीड-दोन फूट जाड असते, आणि पावसात चिरा ओल धरतो. ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय अशी एक भिंत कसंबसं ओलांडतं, दुसरीला हात टेकतं. त्यात मध्ये राजांगण, म्हणजे घराच्या पोटातलं उघडं अंगण, असलं तर एका खोलीतून समोरच्या खोलीत जाताना लहरीला दोन जाड भिंती पार कराव्या लागतात. एप्रिलमध्ये सुरळीत चाललेला टीव्ही जुलैत अडखळू लागला, तर स्टिकला दोष देण्याआधी टीव्हीमागे सिग्नल मोजा.

मोजायला फोनवरचं कुठलंही वाय-फाय ॲनालायझर ॲप पुरतं. फोन टीव्हीच्या मागे, जिथे स्टिक लोंबकळते तिथे धरायचा. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं. उणे ५० डीबीएमच्या आसपास आकडा आला तर उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ बिनघोर चालतो. उणे ७५ च्या खाली गेला की स्पीकर हुकूम ऐकेल, पण टीव्हीवर गोल चक्र फिरत राहील. वेगाची गरज लोकांना वाटते तेवढी नसते: नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि ४के साठी १५ एमबीपीएस सांगतं. २०० एमबीपीएसची योजना घेऊनही चित्र अडत असेल, तर कमतरता योजनेत नसून राउटर आणि टीव्ही यांच्या मधल्या चिऱ्यात आहे.

यावर सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट-६ ची लॅन केबल. १०० मीटरपर्यंत ती निर्धोक चालते. भिंतीला भोक पाडताना चिऱ्याचा भुगा होऊन तोंड मोठं होतं, म्हणून हॅमर मोड न लावता साध्या ड्रिलने सावकाश पाडावं, आत पीव्हीसीचा तुकडा बसवावा आणि भोकाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यावा. उतार उलटा झाला तर पहिल्याच पावसात पाणी केबलवरून आत येतं. बाहेर केबलला भोकाच्या खाली एक झोळ सोडला की थेंब तिथेच गळून पडतात. स्टिकला लॅनचं छिद्र नसतं. त्यासाठी वेगळा इथरनेट ॲडॉप्टर मिळतो. ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकचा ॲडॉप्टर १०० एमबीपीएसचाच आहे, पण वरचे आकडे पाहिले तर तेवढा भरपूर झाला.

भोक पाडायचं नसेल, घर भाड्याचं असेल, तर मेश राउटर, म्हणजे एकच वाय-फाय पुढे पसरवणारे दोन-तीन डबे. त्यातही दुसरा डबा हॉलच्या दारात, पहिल्याला ‘दिसेल’ असा ठेवावा. तो टीव्हीच्या कपाटात कोंबला तर पैसे वाया.

आणखी एक गोष्ट फार वेळ खाते. इंटरनेटवाल्याने बसवलेल्या डब्याचं वाय-फाय एक आणि आपण आणलेल्या राउटरचं दुसरं, अशी दोन जाळी घरात शेजारी शेजारी चालू असतात. स्पीकर एकावर आणि टीव्ही दुसऱ्यावर असला की कास्ट करायची, म्हणजे एकाने दुसऱ्यावर गाणं किंवा व्हिडिओ लावायची, यंत्रं एकमेकांना सापडतच नाहीत, कारण ती एकाच स्थानिक जाळ्यात हाक मारून शोध घेतात. दोन्हींपैकी एकच वाय-फाय ठेवा, दुसरं बंद करा. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू नाही ना, तेही बघा; ते यंत्रांना एकमेकांपासून तोडतं. गेस्ट नेटवर्कवर ते बहुधा चालूच असतं, म्हणून स्पीकर किंवा स्टिक गेस्टवर टाकू नये.

हुकूम टीव्हीपर्यंत कसा जातो

घराणं एकच निवडावं, हा माझा आग्रह आहे. ॲमेझॉनचा इको स्पीकर घेतला तर त्यांचीच फायर टीव्ही स्टिक, गूगलचा नेस्ट स्पीकर घेतला तर गूगल टीव्ही. इकोने गूगल टीव्ही काही प्रमाणात चालवता येतो, पण चालू-बंद आणि आवाज यापुढे गाडी फारशी सरकत नाही. एखादा कार्यक्रम नावाने लावणं, मध्येच दहा मिनिटं पुढे नेणं, हे एका घराण्यातच नीट जमतं.

इको आणि फायर टीव्हीची जोडणी अशी. दोन्ही एकाच ॲमेझॉन खात्यावर असायला हवीत. घरात एकाच्या खात्यावर स्पीकर आणि दुसऱ्याच्या खात्यावर स्टिक असते, तिथे पुढचं काहीच होत नाही. इकोमधून बोलणारी ती अलेक्सा; तिच्या फोनवरच्या ॲपमध्ये ‘टीव्ही अँड व्हिडिओ’ विभागात जाऊन फायर टीव्ही निवडा आणि स्टिकला स्पीकर जोडा. मग त्याच ॲपमध्ये ‘हॉल’ नावाचा गट करा आणि त्यात स्पीकर, फायर टीव्ही, असला तर स्मार्ट दिवा, सगळं घाला. गट केला की प्रत्येक हुकमात टीव्हीचं नाव घ्यावं लागत नाही. यंत्रांची नावं एकमेकांसारखी नकोत. ‘टीव्ही’ आणि ‘हॉल टीव्ही’ अशी दोन नावं असली की स्पीकर दर वेळी कोणता ते विचारत बसतो.

गूगलच्या बाजूला गूगल होम ॲपमध्ये स्पीकर आणि टीव्ही एकाच घरात, एकाच खोलीत नोंदवायचे आणि व्हिडिओच्या सेवा त्या ॲपला जोडायच्या. तिथे पायऱ्या कमी आहेत.

आता चालू-बंदचं प्रकरण. ‘टीव्ही लाव’ म्हटल्यावर टीव्ही उठतो तो एचडीएमआय-सीईसी या सोयीमुळे: स्टिक एचडीएमआय केबलमधल्या एका तारेवरून टीव्हीला जागं करते. टीव्हीवाल्यांनी तिला आपापली नावं दिली आहेत. सॅमसंगमध्ये ती ‘ॲनीनेट प्लस’, एलजीत ‘सिमप्लिंक’, सोनीत ‘ब्राव्हिया सिंक’. बऱ्याच टीव्हींत ती आधी बंद असते, सेटिंगमध्ये शोधून चालू करावी लागते. फायर टीव्हीतही ‘डिस्प्ले अँड साउंड्स’खाली सीईसीचा पर्याय चालू आहे ना ते बघावं.

हे सगळं करूनही टीव्ही उठत नसेल तर स्टिकला वीज कुठून मिळते ते पाहा. वायरींचा गुंता नको म्हणून ती टीव्हीच्याच यूएसबीत खोचलेली असते. टीव्ही बंद झाला की तो यूएसबीही बहुधा बंद होतो, म्हणजे स्टिक झोपलेली नसते, मेलेली असते. तिला हुकूम पोचणार कुठून? शिवाय साध्या यूएसबी २.० मधून ५०० मिलिअँपिअर मिळतात आणि स्टिकचा स्वतःचा ॲडॉप्टर ५ व्होल्ट १ अँपिअरचा, म्हणजे दुप्पट ताकदीचा असतो. कमी विजेवर स्टिक मध्येच स्वतःहून रिस्टार्ट होते. ॲडॉप्टर भिंतीच्या सॉकेटमध्येच लावा. अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

आवाज: वायर आणि तो एक अपवाद

ब्लूटूथचा उशीर नेमका किती? टीव्ही आणि स्वस्त स्पीकरांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसबीसी पद्धतीत तो साधारण १५० ते २५० मिलिसेकंद होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीटी.१३५९ ही शिफारस सांगते की आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला की माणसाला ते जाणवू लागतं. म्हणजे ब्लूटूथ बहुधा त्या रेषेपलीकडेच असतं. स्पीकर लांब ठेवल्यामुळे असं होतं, हा समज चुकीचा आहे: हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, चार मीटर अंतराला जेमतेम १२ मिलिसेकंद लागतात.

इथे एक बारकी गोष्ट आहे. स्ट्रीमिंगची ॲप्स पुष्कळदा हा उशीर ओळखून चित्रच तेवढं मागे खेचतात, त्यामुळे ॲपमधला सिनेमा ब्लूटूथवर बरा वाटतो. सेट-टॉप बॉक्सवरून येणाऱ्या बातम्या आणि क्रिकेट यांना ती सोय नसते. टीव्हीच्या सेटिंगमधला ‘ऑडिओ डिले’ही उपयोगी पडत नाही, कारण तो आवाज आणखी मागे ढकलू शकतो, पुढे आणू शकत नाही.

म्हणून वायर. टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआय खोबणीवर ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ लिहिलेलं असतं, त्याच खोबणीतून साउंडबारला (टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरला) केबल न्यायची; टीव्हीचा आवाज बाहेर नेणारी वाट तीच. बाजूच्या खोबणीत लावली तर आवाज येत नाही. ही सर्वांत जास्त होणारी चूक. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘एचडीएमआय एआरसी’ निवडा. साउंडबार साधा दोन वाहिन्यांचा असेल आणि काही सिनेमांना आवाजच येत नसेल, तर डिजिटल ऑडिओ ‘पीसीएम’वर (आवाजाच्या साध्या प्रकारावर) ठेवा.

ऑप्टिकल केबलनेही आवाज छान येतो, मग एआरसीचाच हट्ट का? कारण ऑप्टिकलमधून सीईसी जात नाही. ‘आवाज कमी कर’ असं स्पीकरला सांगितलं की हुकूम स्टिककडे, स्टिककडून सीईसीने टीव्हीकडे आणि एआरसीच्या वायरीने साउंडबारपर्यंत जातो. ऑप्टिकल लावली की ही साखळी शेवटच्या कडीला तुटते आणि पुन्हा साउंडबारचा रिमोट शोधावा लागतो. तोंडी हुकमांसाठीच हा खटाटोप असेल तर एआरसीला पर्याय नाही.

आता अपवाद. फायर टीव्ही स्टिक ४के किंवा ४के मॅक्स आणि एकाच जातीचे दोन इको स्पीकर असतील, तर अलेक्सा ॲपमध्ये ‘होम थिएटर’ करता येतं. ही जोडणी वाय-फायवर चालते, ब्लूटूथवर नाही, आणि स्टिक चित्र आणि आवाज स्वतः जुळवून घेते. ॲपमध्ये नवीन यंत्र जोडायच्या अधिक चिन्हातून स्पीकर एकत्र करायचा पर्याय निवडा, त्यात होम थिएटर, मग स्टिक, मग दोन स्पीकर, आणि डावा कोणता, उजवा कोणता ते सांगा. दोन्ही स्पीकर तंतोतंत एकाच मॉडेलचे हवेत; तिसऱ्या पिढीचा इको डॉट (छोटा इको) आणि पाचव्या पिढीचा डॉट यांची जोडी लागत नाही. स्टिक आणि स्पीकर तिन्ही ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. तरीही ओठ आणि शब्द थोडे चुकत असतील तर फायर टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘एव्ही सिंक ट्यूनिंग’ आहे. त्यात पडद्यावरचा चेंडू आणि टिकटिक जुळेपर्यंत पट्टी सरकवायची.

घेण्याआधी मात्र एक मर्यादा पक्की माहीत हवी: या जोडणीतून फक्त स्टिकवर चालणाऱ्या गोष्टींचा आवाज येतो. सेट-टॉप बॉक्सचा आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून येत राहणार. ज्या घरात संध्याकाळच्या मालिका डिशवर बघितल्या जातात, तिथे दोन स्पीकर घेण्यापेक्षा एक बरा साउंडबार घ्यावा. आणि दोन डॉटमधून डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे चहूबाजूंनी आणि वरून आल्यासारखा आवाज, मिळत नाही. त्यासाठी इको स्टुडिओ हे मोठे स्पीकर लागतात.

नेस्ट मिनी किंवा नेस्ट ऑडिओ यांना वायर लावायला खोबणच नाही. टीव्हीच्या आवाजासाठी त्यांच्याकडे ब्लूटूथच उरतं, म्हणून गूगलच्या घराण्यात स्पीकर फक्त हुकमासाठी आणि गाण्यांसाठी, टीव्हीचा आवाज साउंडबारला, ही वाटणी मनाशी पक्की करून टाका.

घरात जुना ॲम्प्लिफायर आणि मोठे लाकडी स्पीकर असतील तर ते भंगारात घालू नका. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या इको डॉटला ३.५ मिलिमीटरचं आउटपुट आहे. तिथून आरसीए केबलने ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ला जोडलं की केसरबाई केरकरांचं जुनं ध्वनिमुद्रण त्या मोठ्या स्पीकरमधून ऐकताना जो भरीवपणा मिळतो, तो डॉटच्या पोटातून येणं शक्य नाही. पाचव्या पिढीच्या डॉटमधून ही खोबण काढून टाकली आहे, तेव्हा सेकंडहँड घेताना पिढी विचारून घ्या. जोडल्यावर घुंऽऽ असा आवाज येत राहिला तर बहुधा ॲम्प्लिफायरला जोडलेली दुसरी एखादी वायर, विशेषतः डिशची, वेगळ्या अर्थिंगवर असते. ती काढून बघा. आवाज थांबला तर त्या वाटेत ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थिंगमधून येणारी ही घरघर अडवणारा डबा) बसवा.

ठेवायची जागा

बसल्यावर कान जमिनीपासून साधारण एक मीटरवर येतात. स्पीकर त्या उंचीला हवेत. दोन असतील तर त्यांच्यातलं अंतर आणि त्यांच्यापासून सोफ्याचं अंतर सारखं ठेवा. भिंतीपासून निदान २० सेंटीमीटर पुढे. कोपऱ्यात खोचला तर घुमट (गोव्याचं मातीचं तालवाद्य) वाजताना ‘धुम्म’ एवढंच कळतं, बोटांचे बारीक बोल हरवतात. आणि चिऱ्याच्या ओल्या भिंतीला टेकवला तर ऑगस्टपर्यंत स्पीकरच्या कापडावर बुरशी धरते.

फ्लॅटमध्ये स्लॅब, टाइल्स आणि काचेच्या खिडक्या असतात. हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. मागोमाग झणझण ऐकू आली तर संवाद कधीच स्पष्ट कळणार नाहीत, साउंडबार कितीही महाग असो. जाड पडदा आणि सोफ्यासमोर एक सुती सतरंजी एवढ्याने बराच फरक पडतो. कौलारू घरात छत उंच, उतरतं आणि ओबडधोबड असल्यामुळे हा त्रास कमी.

हुकूम घेणारा स्पीकर टीव्हीच्या अगदी पुढ्यात नको. टीव्हीचाच आवाज त्याच्या माइकवर आदळतो आणि आपलं बोलणं त्यात बुडतं. सोफ्याच्या बाजूला, टीव्हीपासून दीड-दोन मीटरवर ठेवा. जाहिरातीत ‘अलेक्सा’ ऐकून तो उगाच जागा होत असेल तर हाकेचा शब्द बदलून ‘इको’ करता येतो.

भाषा

हे स्पीकर भारतात इंग्रजी आणि हिंदीत चालतात. मराठी किंवा कोकणीत हुकूम घेत नाहीत, ही खरी उणीव आहे, आणि घरातल्या वयस्कर माणसांना ती सर्वांत जास्त जाणवते. अलेक्सात इंग्रजी-हिंदी अशी दुहेरी भाषा ठेवता येते. तीच ठेवा, म्हणजे आजी हिंदीत आणि नातवंडं इंग्रजीत बोलली तरी चालतं.

मराठी नाट्यगीताचं किंवा अभंगाचं नाव सांगितलं की भलतंच काहीतरी लागतं. त्यावर साधी युक्ती: संगीताच्या ॲपमध्ये आपल्या आवडीच्या गाण्यांच्या प्लेलिस्ट करा आणि त्यांना सोपी, दोनच शब्दांची, स्पीकरला ओळखीची नावं द्या. ‘मॉर्निंग वन’, ‘संगीत टू’ असली नावं रुक्ष वाटतील, पण दर वेळी बिनचूक लागतात. किंवा अलेक्सा ॲपमध्ये ‘रूटीन’ करा: ‘आरती’ एवढाच शब्द म्हटला की टीव्ही थांबेल, दिवा लागेल, आवाज सहावर येईल आणि घुमट आरत्यांची प्लेलिस्ट सुरू होईल. चवथीच्या दिवसांत स्वयंपाकघरातला आणि बाल्कांवातला (दारापुढच्या बैठकीच्या ओसरीतला) स्पीकरही यात हवा असेल तर मल्टी-रूम गट करा. पण गटाला ब्लूटूथ चालत नाही, म्हणून पाहुण्यांच्या फोनवरची गाणी त्यात वाजणार नाहीत.

बोलून खरेदी करायची सोय बंद करा, नाहीतर तिला पिन घाला. घरात लहान मुलं असतील तर हे पहिल्याच दिवशी.

पाऊस, वीज आणि खारा वारा

जोरदार सरीत डिशचं चित्र जातं, कारण केयू-बँडच्या लहरी पावसात शोषल्या जातात. फायबरला पावसाचं वावडं नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबर हॉलचा भार स्टिकवरच येतो, आणि नेमक्या याच महिन्यांत वीज खेळ करते. राउटर आणि फायबर ज्यात येतं तो ओएनटी डबा यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. घेताना ॲडॉप्टरवरचा व्होल्टेज तंतोतंत जुळवा, बहुधा १२ व्होल्ट. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी नाही. दोन्ही डबे त्यावर चालवायचे असतील तर दोघांच्या अँपिअरची बेरीज धरा.

वीज परत आल्यावर स्पीकर आणि स्टिक राउटरच्या आधी जागे होतात, आणि कधी कधी त्यांचे पत्ते बदलून जोडणी हरवते. राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करून प्रत्येकाला कायमचा पत्ता दिला की हा त्रास कमी होतो. तरी एखादं रुसलं तर आधी राउटर बंद करून चालू करा, तीन मिनिटं थांबा, मगच स्टिक आणि स्पीकर. क्रम उलटा केला तर पुन्हा तेच.

गडगडाटाला सुरुवात झाली की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून काढावा लागतो. डिशची कोॲक्स केबल सेट-टॉप बॉक्समधून काढायची तर हमखास विसरते. वीज तिथून बॉक्समध्ये, बॉक्सवरून एचडीएमआयने टीव्हीत आणि टीव्हीवरून एआरसीने साउंडबारमध्ये शिरते. राजांगणातून किंवा अंगणातून उघड्यावर ओढलेली लॅन केबलही तशीच धोक्याची. घराच्या दोन भागांना जोडायचं असेल तर केबल छपराच्या कडेखालून, भिंतीच्या आडोशाने न्या, नाहीतर तेवढ्या अंतरापुरतं फायबर वापरा, त्यातून वीज वाहत नाही.

समुद्राजवळच्या घरात एचडीएमआयच्या टोकांवर खाऱ्या हवेचा थर बसतो. चित्रावर ठिपके चमकायला लागले किंवा टीव्ही मध्येच ‘नो सिग्नल’ म्हणू लागला की नवीन केबल आणण्याआधी सगळं बंद करून टोक कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा, सुकू द्या आणि दोन-तीनदा काढ-घाल करा. घर पावसाळ्यात महिनाभर बंद राहणार असेल तर स्टिक आणि स्पीकर काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवून जा. चालू यंत्र स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. बंद पडून असलेलं राहत नाही.